भूमितीच्या पुस्तकातील कोडने काढलेल्या आकृत्या: मराठी शब्द गायब होतात, पीडीएफ तयार व्हायला फार वेळ लागतो

नौपाडा_भूमिती (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्याला दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि मराठी माध्यमासाठी गणित भाग २ च्या, म्हणजे भूमितीच्या, सरावाचे एक पुस्तक तयार करीत आहे. मजकूर झीलाटेकमध्ये आहे (कोड लिहून पाने जुळवणाऱ्या लाटेक या प्रणालीचा युनिकोड चालणारा प्रकार). आकृत्या माउसने न काढता कोड लिहूनच काढायच्या हे सुरुवातीलाच ठरवले, कारण त्रिज्या किंवा कोन बदलला की त्याच आकृतीवर नवे उदाहरण उभे राहते आणि स्पर्शबिंदू खरोखरच वर्तुळावर पडतो, नजरेच्या अंदाजाने बसवावा लागत नाही. बहुतेक आकृत्या टिक्झ या लाटेकच्या आकृत्या काढणाऱ्या पॅकेजमध्ये आहेत. ‘वर्तुळ’ आणि ‘महत्त्वमापन’ या प्रकरणांतल्या मात्र असिम्प्टोट या आकृत्या काढण्याच्या भाषेत, कारण त्याच्या जॉमेट्री मॉड्यूलमध्ये स्पर्शिका, अंतर्वर्तुळ वगैरे तयार मिळतात.

पहिली अडचण असिम्प्टोटची आहे. बिंदूंची नावे पाठ्यपुस्तकाप्रमाणे रोमन मोठ्या अक्षरांत आहेत आणि ती नीट उमटतात. पण आकृतीत ‘स्पर्शिका’ किंवा ‘जीवा’ असा मराठी शब्द लिहिला, तर त्याच्या जागी कोरी जागा राहते. त्रुटीचा निरोप येत नाही, पीडीएफ बिनतक्रार तयार होते. इंटरनेटवरून मिळालेली फॉन्टची एक ओळ घातल्यावर शब्द दिसू लागले, परंतु ‘स्पर्शिका’मधला रेफ वर न चढता ‘र’ पाय मोडून तसाच उभा राहिला आणि पहिली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे गेली. तेच शब्द मुख्य मजकुरात आणि टिक्झच्या आकृत्यांत अगदी व्यवस्थित आहेत.

दुसरी अडचण वेळेची. आकृत्या दीडशेच्या आसपास आहेत, आणि मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या पुन्हा काढल्या जातात. टिक्झची एक्स्टर्नलाइझ सोय (प्रत्येक आकृतीची वेगळी पीडीएफ करून ठेवणारी) वापरून पाहिली, तर पहिल्या वेळी आधीपेक्षाही जास्त वेळ लागला. शिवाय प्रकरणाच्या मध्ये एखादी आकृती नव्याने घातली की तिच्या पुढच्या सगळ्या परत तयार होतात.

तिसरी गोष्ट अशी की वागळे इस्टेटमधल्या छापखान्याने नमुन्याची पाने पाहून ‘काही रेघा चार प्लेटांत जात आहेत, पुस्तक एकरंगी आहे तर फक्त काळ्यात द्या’ असे सांगितले (रंगीत छपाईत प्रत्येक शाईची एक अशा चार प्लेटा असतात). आकृत्यांत मी रंग वापरलेलाच नाही, फक्त काळा आणि गडद राखाडी आहे. मग हे कुठून येत असावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


ऐरोलीकर

ताई, पहिल्या अडचणीचे मूळ आधी पाहू, कारण ते कळले की उपाय आपोआप सुचतो. टिक्झ हे लाटेकच्या पोटातच चालते; आकृतीतला शब्द मुख्य मजकूर ज्या फॉन्टने जुळवला जातो त्याच फॉन्टने जुळवला जातो, म्हणून तिथे आपल्याला काहीच करावे लागले नाही. असिम्प्टोट हा मात्र स्वतंत्र प्रोग्राम आहे. आपल्या फाइलवर झीलाटेक पहिल्यांदा चालते तेव्हा ते प्रत्येक आकृतीचा कोड एका वेगळ्या फाइलमध्ये नुसता उतरवून ठेवते; मग असिम्प्टोट त्या फायली वाचून प्रत्येकीची पीडीएफ करते; आणि झीलाटेक दुसऱ्यांदा चालले की त्या पीडीएफ पानावर बसतात. या मधल्या पायरीत शब्द जुळवण्यासाठी असिम्प्टोट स्वतःचे वेगळे झीलाटेक उघडते, आणि आपण मुख्य फाइलच्या प्रारंभी लिहिलेल्या फॉन्टच्या सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याच्याकडे असतो तो मूळचा लॅटिन मॉडर्न फॉन्ट, ज्यात देवनागरी अक्षरे नाहीत. नसलेल्या अक्षराला झीटेक चूक मानत नाही, ते लॉग फाइलमध्ये ‘अक्षर सापडले नाही’ अशी नोंद करून पुढे जाते. आपल्याला कोरी जागा दिसली ती यामुळे.

तेव्हा असिम्प्टोटच्या पॅकेजमध्ये ‘एएसवायडेफ’ नावाचे जे एन्व्हायर्नमेंट आहे, त्यात लिहिलेला मजकूर सर्व आकृत्यांना लागू होतो, तिथे ‘टेक्सप्रीअँबल’ या फंक्शनमधून फॉन्टच्या सूचना द्याव्यात. त्या तिथे पुन्हा लिहून काढण्यापेक्षा एक छोटी शैली-फाइल करून फॉन्टस्पेक (फॉन्ट निवडण्याचे पॅकेज), फॉन्टचे नाव, अक्षरांचा आकार हे सगळे तिच्यात ठेवावे, आणि मुख्य पुस्तकाने व असिम्प्टोटने दोघांनीही तीच फाइल वाचावी. दोन ठिकाणी दोन याद्या ठेवल्या की महिन्याभरात त्यांच्यात फरक पडलाच म्हणून समजा.

रेफ आणि वेलांटी बिघडली ती फॉन्टमुळे नव्हे. फॉन्ट ठरवताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय ‘देवनागरी’ असा स्पष्ट द्यावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे जुळवणारे नियम चालूच होत नाहीत आणि अक्षरे युनिकोडच्या क्रमाने एकामागून एक मांडली जातात. त्याच ओळीत ‘लँग्वेज’ हा पर्याय ‘मराठी’ असा द्यावा. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी ठेवलेली असतात आणि ती या पर्यायाशिवाय उमटत नाहीत. पुस्तकाच्या मजकुरात मराठी ‘श’ आणि शेजारच्या आकृतीत हिंदी ‘श’ हे मुलांच्या लक्षात येणार नाही, पण मुद्रितशोधन करणाऱ्याच्या नक्की येईल. पुढेमागे लुआलाटेक या लाटेकच्या दुसऱ्या प्रकाराकडे वळलात तर यांच्या जोडीला ‘रेंडरर’ हा पर्याय ‘हार्फबझ’ असाही द्यावा.

आणखी एक सूचना त्या शैली-फाइलमध्ये ठेवा: ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ या पॅरामीटरची किंमत ३ करा. टेक लाइव्ह (लाटेक बसवण्याचा तयार संच) याच्या २०२१ च्या आवृत्तीपासून ही किंमत दिल्यावर न सापडलेले अक्षर ही सरळ त्रुटी ठरते आणि काम तिथेच थांबते. छापून आल्यावर कोरी जागा सापडण्यापेक्षा हे बरे.


खारघर_टाइपसेट

वेळेच्या प्रश्नाबद्दल लिहितो. माझे मत स्पष्ट आहे: दीडशे आकृत्यांच्या पुस्तकात आकृत्यांचा कोड मुख्य फाइलमध्ये असू नये, मग तो टिक्झचा असो वा असिम्प्टोटचा.

टिक्झ हळू का चालते हे पाहण्यासारखे आहे. डोनाल्ड कनूथ यांनी लाटेकच्या मुळाशी असलेले टेक बनवले ते अक्षरे आणि परिच्छेद जुळवण्यासाठी, आकडेमोडीसाठी नव्हे. टेकमध्ये लांबी ही एका पॉइंटचे ६५,५३६ भाग करून पूर्णांकात मोजली जाते, जेणेकरून कोणत्याही यंत्रावर ओळी तंतोतंत त्याच ठिकाणी तुटाव्यात. टिल टांटाऊ यांनी टिक्झ उभे केले ते याच पायावर, त्यामुळे दोन वर्तुळांचा छेदनबिंदू काढण्याचे गणितसुद्धा मॅक्रोंचा (लांब सूचनांना दिलेल्या लघुनावांचा) विस्तार करत करत होते. ते अचूकतेलाही मर्यादा घालते. टेकमधली सर्वांत मोठी लांबी जेमतेम १६,३८४ पॉइंट, म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास. दोन जवळजवळ समांतर रेषांचा छेदनबिंदू मागितला की ‘डायमेन्शन टू लार्ज’ हा निरोप येतो तो यामुळे. असिम्प्टोट हेच गणित फ्लोटिंग पॉइंट अंकांत (फार मोठ्या आणि फार लहान संख्याही मावतील अशा रीतीने), सी++ च्या धर्तीच्या स्वतंत्र भाषेत करते, म्हणून आपण ‘वर्तुळ’ प्रकरणासाठी ते निवडले ते योग्यच झाले.

एक्स्टर्नलाइझने वेळ वाढला याचेही कारण सरळ आहे. ती सोय प्रत्येक आकृतीसाठी संपूर्ण पुस्तक नव्या नावाने पुन्हा चालवते आणि ती एक आकृती सोडून बाकी सगळे टाकून देते. दीडशे आकृत्या म्हणजे दीडशे वेळा फॉन्ट उघडणे, पॅकेजे वाचणे. पुढच्या आकृत्या परत तयार होतात, कारण त्यांची नावे क्रमांकावरून पडतात. मध्ये एक आली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि जुन्या नावाखाली नवा कोड दिसल्याने ती सोय तो बदल समजते. प्रत्येक आकृतीला ‘टिक्झसेटनेक्स्टफाइलनेम’ने स्वतःचे नाव दिले तर हा त्रास थांबतो, पण मूळ ओझे राहतेच. शिवाय यासाठी शेल-एस्केप चालू ठेवावे लागते, म्हणजे लाटेकच्या फाइलला आपल्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवण्याची मुभा द्यावी लागते. स्वतःच्या पुस्तकापुरते ठीक आहे. दुसऱ्या कोणाची फाइल त्याच सवयीने उघडू नये.

मी सुचवीन ती पद्धत अशी. ‘आकृत्या’ नावाचा एक फोल्डर करावा आणि त्यात प्रत्येक आकृतीची स्वतंत्र फाइल ‘स्टँडअलोन’ या क्लासमध्ये लिहावी. हा क्लास पानाचा आकार आकृतीच्या मापाचाच करतो, त्यामुळे कडा कापत बसावे लागत नाही. फाइलीला क्रमांक न देता विषयाचे नाव द्यावे, जसे ‘चक्रीय-चौकोन-बाह्यकोन’. ऐरोलीकरांनी सांगितलेली शैली-फाइल प्रत्येकीने वाचावी. मग त्या फोल्डरवर लाटेकएमके हा प्रोग्राम झीलाटेकच्या पर्यायासह चालवावा: कोणती आकृती बदलली हे तो स्वतःच तपासतो, तेवढीच परत तयार करतो, आणि शैली-फाइल बदलली असेल तर सगळ्या. विंडोजवर टेक लाइव्ह असेल तर लाटेकएमकेला लागणारे पर्ल (एक प्रोग्रामिंग भाषा) त्याच्यासोबतच येते. मिकटेक हा दुसरा संच असेल तर पर्ल वेगळे बसवावे लागते. असिम्प्टोटच्या आकृत्याही अशाच स्वतंत्र फायलींत ठेवता येतात. फक्त प्रत्येकीच्या आरंभी टेकचे इंजिन झीलाटेक आणि आउटपुट पीडीएफ असे लिहावे लागते, कारण एकट्याने चालवल्यावर असिम्प्टोट साधे लाटेक गृहीत धरते. मुख्य पुस्तक मग केवळ तयार पीडीएफ उचलते, आणि स्वल्पविराम बदलण्याला स्वल्पविरामाइतकाच वेळ लागतो.

यात एक पथ्य मात्र कडक पाळावे लागते, आणि बहुतेकांचे पुस्तक इथेच बिघडते. ‘इन्क्लूडग्राफिक्स’ (तयार चित्र पानावर बसवण्याची आज्ञा) लिहिताना रुंदी कधीही देऊ नये. रुंदी दिली की आकृतीसोबत अक्षरेही ताणली किंवा आखडली जातात आणि रेघांची जाडीही बदलते. एका पानावर तीन आकृत्या, तिघींत बिंदूंची नावे तीन मापांची, असे दृश्य दिसते. आकृती लहान हवी असेल तर तिच्या कोडमध्येच लहान करावी. टिक्झमध्ये ‘स्केल’ दिला तर अंतरे बदलतात, अक्षरे नाहीत. असिम्प्टोटमध्ये ‘साइझ’ सहा सेंटिमीटर म्हटले तर ते भूमितीचे माप त्यात बसवते आणि अक्षरांना हात लावत नाही. असिम्प्टोटच्या अक्षरांचे मूळ माप १२ पॉइंट असते, म्हणून ‘डिफॉल्टपेन’मध्ये आपल्या पुस्तकाचे माप एकदाच सांगून ठेवावे.


महापे_लाटेक

खारघर_टाइपसेट यांच्या पद्धतीशी मी बव्हंशी सहमत आहे, पण तिची एक किंमत आहे ती त्यांनी सांगितली नाही. कोड मजकुरापासून दूर गेला की उदाहरण आणि आकृती यांची फारकत होते. उदाहरणात त्रिज्या ५ सेमी केली, आकृतीवर ६ सेमीच राहिली, आणि दोन्ही फायली आपापल्या जागी निर्दोष असल्याने कोणतेही यंत्र ही चूक पकडणार नाही. भूमितीच्या पुस्तकात यापेक्षा वाईट चूक नाही.

म्हणून ज्या उदाहरणात मापे आहेत, तिथे ती मापे तिसऱ्या लहान फाइलमध्ये मॅक्रो म्हणून लिहावीत: त्रिज्या, केंद्रापासूनचे अंतर, जे काही दिलेले असेल ते. उदाहरणाचा मजकूर तो मॅक्रो छापेल आणि टिक्झची आकृती त्याच मॅक्रोवरून वर्तुळ काढेल. उत्तरसुद्धा त्यावरूनच काढून घेता येते, जसे की स्पर्शिकाखंडाची लांबी. अर्थात मापे अशी निवडावीत की उत्तर पूर्णांकात येईल, नाहीतर छापील उत्तरात दशांशांची शेपटी लोंबकळते. असिम्प्टोट हे मॅक्रो थेट वाचू शकत नाही, त्यामुळे अशा उदाहरणांपुरते टिक्झच बरे.


वागळे_प्रीप्रेस

मी ठाण्यातच छपाईपूर्व कामात आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. बाईंनी रंग वापरलेला नाही हे खरे आहे, पण गडद राखाडी कसा सांगितला आहे ते पाहावे. ‘ब्लॅक’ या नावाने दिलेला काळा टिक्झमध्येही आणि असिम्प्टोटमध्येही निव्वळ करड्या मापात लिहिला जातो आणि आमच्याकडे फक्त काळ्या प्लेटवर येतो. तोच गडद राखाडी हेक्स संकेताने, सहा अंकी, दिला असेल तर तो लाल, हिरवा, निळा या तीन घटकांत नोंदला जातो आणि आमची यंत्रणा त्याचे रूपांतर चारही शाईंत करते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

चार प्लेटांतली बारीक रेघ कागदावर कधीच सुबक येत नाही, कारण प्लेटा केसभर सरकल्या तरी रेघेच्या कडेला रंगीत झालर दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो की कागद फुगतो आणि हे सरकणे वाढते. एकरंगी पुस्तकात तर बाकीच्या तीन प्लेटा निघणारच नाहीत, त्यामुळे अशी रेघ फिकट होण्याचा धोका आहे.

उपाय सोपा आहे. राखाडी हवा तिथे काळ्याची टक्केवारी लिहावी, म्हणजे ‘ब्लॅक’नंतर उद्गारचिन्ह देऊन ८० किंवा ६०. खबरदारी म्हणून एक्सकलर हे रंगांचे पॅकेज सीएमवायके (छपाईच्या चार शाईंत रंग नोंदण्याची पद्धत) या पर्यायासह टिक्झच्या आधी घ्यावे. ते राखाडी रंगाचे रूपांतर केवळ काळ्यात करते. असिम्प्टोटलाही ‘सीएमवायके’ याच नावाचा पर्याय आहे. छायांकित भागासाठी ‘ओपॅसिटी’ वापरू नये, तिथेही काळ्याची १५ टक्के छटा द्यावी, कारण बरेच छापखाने पीडीएफ-एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार मागतात आणि त्यात पारदर्शकता चालत नाही. रेघांबद्दल माझा आग्रह असा की ‘अल्ट्रा थिन’, म्हणजे ०.१ पॉइंटची रेघ, छपाईच्या पुस्तकात वापरूच नये; टिक्झची नेहमीची ०.४ ची रेघ रचनेच्या खुणांसाठी आणि ०.८ ची ‘थिक’ मुख्य आकृतीसाठी, एवढ्यावर सगळे भागते.

फाइल आमच्याकडे देण्याआधी दोन तपासण्या घरीच करता येतात. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘इंककव्ह’ नावाचे डिव्हाइस आहे, ते प्रत्येक पानासाठी चार शाईंचे चार आकडे देते. एकरंगी पुस्तकात पहिले तीन सर्व पानांवर शून्य आले पाहिजेत. आणि ‘पीडीएफफॉन्ट्स’ हा छोटा प्रोग्राम फॉन्टांची यादी देतो, त्यात ‘ईएमबी’ (फॉन्ट पीडीएफमध्ये सामावलेला आहे का) या रकान्यात प्रत्येक ओळीत ‘येस’ हवे. आकृत्यांच्या पीडीएफ वेगळ्या तयार होत असतील तर एखाद्या आकृतीतला फॉन्ट सोबत न येणे ही शक्यता उरते, म्हणून ही तपासणी अंतिम पुस्तकावर करावी.


नौपाडा_भूमिती

सर्वांचे मनापासून आभार. ‘स्क्रिप्ट’ आणि ‘लँग्वेज’ हे दोन्ही पर्याय शैली-फाइलमध्ये घातल्यावर ‘स्पर्शिका’ व्यवस्थित उमटली. राखाडी हेक्स संकेतानेच दिलेला होता; तो आता काळ्याच्या टक्केवारीत लिहिला आहे आणि ‘इंककव्ह’चे पहिले तीन आकडे शून्य आले. आकृत्या स्वतंत्र फायलींत हलवण्याचे काम प्रकरणवार चालू केले आहे, आणि मापांची फाइल वेगळी ठेवण्याची सूचना निर्देशक भूमितीच्या प्रकरणात फार उपयोगी पडेल असे दिसते.

‘महत्त्वमापन’मधील शंकू आणि शंकूछेद यांच्याविषयी एक विचारायचे राहिले. असिम्प्टोटच्या त्रिमितीय मॉड्यूलने काढले तर मागची कड आपोआप तुटक येत नाही. द्विमितीत लंबवर्तुळ काढून पुढचा अर्धा भाग अखंड आणि मागचा अर्धा तुटक केला, तर शंकूची तिरकी बाजू तळाला मिळते तिथे बारीकसा कोपरा दिसतो. तो कसा घालवावा?


खारघर_टाइपसेट

पुस्तकासाठी द्विमितीच बरी. त्रिमितीय पीडीएफ फिरवून पाहण्याची गंमत ॲडोबच्या रीडरपुरती असते, कागदावर तिचा उपयोग नाही. कोपरा दिसतो, कारण आपण तिरकी बाजू लंबवर्तुळाच्या बृहदक्षाच्या टोकाला जोडत आहात. ती बाजू खरे तर शिरोबिंदूतून लंबवर्तुळाला काढलेली स्पर्शिका आहे आणि तिचा स्पर्शबिंदू टोकाच्या किंचित वर असतो. अर्धअक्ष ‘अ’ आणि ‘ब’, आणि चित्रातील उंची ‘उ’ धरली, तर तो बिंदू केंद्राच्या वर ‘ब’चा वर्ग भागिले ‘उ’ इतका असतो. अर्धअक्ष ३ आणि १, उंची ५ घेतली, तर स्पर्शबिंदू केंद्रापासून ०.२ वर आणि बाजूला सुमारे २.९४ वर येतो. अखंड कंस अर्ध्याहून थोडा मोठा आणि तुटक कंस तितकाच लहान होतो. टिक्झमध्ये हे दोन अंक त्या सूत्राने काढून घ्यावेत आणि कंसांची सुरुवात-शेवट तिथे ठेवावी.

शंकूछेदासाठी आधी पूर्ण शंकू कल्पून तळाचे बिंदू याच सूत्राने काढावेत, मग शिरोबिंदूच्या संदर्भात समरूपतेच्या गुणोत्तराने ते लहान केले की वरच्या वर्तुळावरचे बिंदू मिळतात. वरची कड पूर्ण दिसते, त्यामुळे ती सबंध अखंडच काढावी.